चिठ्ठी कुठे लावायची

शब्दकोशाच्या कार्यालयात एकतीस वर्षं काढली असं सांगितलं, की समोरचा माणूस दोनपैकी एक काहीतरी करतो. एक तर माझ्यासमोर जपून बोलायला लागतो, नाहीतर माझी परीक्षा घेतो. मंडईतला माझा नेहमीचा भाजीवाला दुसऱ्या प्रकारातला. एकदा म्हणाला, "बाई, बीटरूटला मराठीत काय म्हणतात सांगा, मगच पिशवीत टाकतो." मी म्हटलं, "बीट म्हणतात. टाका."

या अंकाच्या संपादकांनी "तुमच्या कामातल्या गमतीजमती लिहा" असं सांगितलं आहे. गमती फार नव्हत्या. शनिवार पेठेत एका स्टेशनरीच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर आमचं कार्यालय. तीन टेबलं, भिंतभर लाकडी कप्पे, आणि मुख्य संपादक बापट सर, ज्यांना मी एकतीस वर्षांत दोनदा हसताना पाहिलं. काम इंग्रजी-मराठी कोशाचं. प्रत्येक शब्दाला एक कार्ड. वर इंग्रजी शब्द, खाली मराठी अर्थ, आणि त्याखाली एक इंग्रजी वाक्य, ज्यात तो शब्द वापरलेला आहे. बाहेरच्यांना वाटतं की अर्थ लिहिला की झालं. पण नुसत्या अर्थावर शब्द वापरता येत नाही. तो कुणाच्या तोंडी शोभतो, घरात चालतो की फक्त समारंभात, हे वाक्यातच कळतं.

ही वाक्यं आम्हाला बाहेरची मंडळी पाठवत. निवृत्त शिक्षक, एक दातांचे डॉक्टर, बँकेतले दोघेतिघे. त्यांना शब्द वाटून दिलेले असत. ते पोस्टकार्डावर वाक्य लिहून पाठवत आणि आम्ही छापील कार्डाने उत्तर देत असू. पोस्टकार्ड अजून मिळतं हे पुष्कळांना ठाऊक नाही, पण बापट सरांचं म्हणणं असं, की ईमेलवर माणूस आधी पाठवतो आणि मग विचार करतो.

आमच्या छापील कार्डावर तीन चौकोन होते. पहिला: 'स्वीकारले.' दुसरा: 'अर्थ बरोबर, वाक्य चालणार नाही. दुसरे पाठवावे.' तिसरा: 'शब्द यादीबाहेरचा.' वाक्य वाचून लाल पेन्सिलीने एका चौकोनात खूण करणं हे माझं काम. वाक्य चालणारं असलं तरी पहिल्या फेरीत मी सहसा दुसऱ्याच चौकोनात खूण करत असे. माणूस आणखी जोर लावतो, असा माझा अनुभव होता. त्यात मला थोडा आनंदही व्हायचा, हे आता कबूल करते.

गावंडे सर आमच्या पाठवणाऱ्यांपैकी सगळ्यात नेमाचे. यवतमाळकडच्या एका गावातल्या शाळेत त्यांनी जन्मभर इंग्रजी शिकवलं, आणि निवृत्तीनंतर ते वाघोलीला मुलाकडे येऊन राहिले. मी त्यांना कधी पाहिलं नाही. दर गुरुवारी त्यांचं कार्ड यायचं. अक्षर चाररेघी वहीतलं, प्रत्येक अक्षर रेघेवर नीट बसवलेलं.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या वाट्याला 'कॉन्स्टन्सी' हा शब्द आला. शब्द भारदस्त आहे. बोलताना कुणी वापरत नाही. मानपत्रात, निरोपाच्या भाषणात, थडग्यावरच्या दगडावर सापडतो. अर्थ असा, की भोवतालचं सगळं बदललं तरी माणूस आपल्या जागेवरून हलत नाही. मराठीत आम्ही निष्ठा लिहिलं, स्थैर्य लिहिलं, सातत्य, अढळपणा, सगळं लिहून पाहिलं. निष्ठा म्हटलं की समोर कुणीतरी देव, मालक किंवा पक्ष लागतो. स्थैर्य सरकारला असतं. सातत्य तर रोज वेळेवर येणाऱ्या दूधवाल्यालाही असतं. बापट सर म्हणाले, "लिमयेबाई, याला वाक्यच तारेल. चांगलं मागवा."

गावंडे सरांचं पहिलं वाक्य आलं. मराठीत सांगायचं तर, 'मंत्र्याची कॉन्स्टन्सी पाहून राजाने त्याचा गौरव केला.' वाक्यात चूक नव्हती. मी दुसऱ्या चौकोनात खूण केली. दुसरं आलं, त्यात सैनिक होता. खूण. तिसऱ्यात एक साधू होता. खूण. असं वर्षभर चाललं. मधूनमधून ते दुसऱ्या शब्दांची वाक्यं पाठवत, ती मी घेत असे, पण या शब्दावर मी अडून बसले होते. सरांनी एकदाही कुरकुर केली नाही.

मग तीन गुरुवार कार्ड आलं नाही. चौथ्या गुरुवारी आलं. अक्षर तेच, फक्त पेन जास्त दाबून चालवलेलं. मजकूर एवढाच: 'डोअर इज कॉन्स्टन्सी.'

मला वाटलं, सर वैतागले असतील. खूण केली, दुसऱ्या चौकोनात. पुढच्या गुरुवारी, 'विंडो इज कॉन्स्टन्सी.' त्यानंतर 'क्लॉक इज कॉन्स्टन्सी.' मग कप. मग लाइट. दर वेळी मी खूण करायची, कार्ड पेटीत टाकायचं, आणि गुरुवारी पुढची वस्तू यायची.

मी ती कार्डं वेगळ्या कप्प्यात ठेवायला लागले. एका दुपारी ती टेबलावर ओळीने मांडली आणि वाचता वाचता अंगावर काटा आला. कुणीतरी एखाद्या घरातून हळूहळू फिरतं आहे, दाराला हात लावतं आहे, खिडकीला, घड्याळाला, आणि प्रत्येक वस्तूपाशी थांबून मला काहीतरी विचारतं आहे, असं वाटलं. आणि मी त्याला दर आठवड्याला सांगते आहे, हे नाही, दुसरं. दुपारचे साडेतीन वाजले होते, खाली रिक्षांचा गोंगाट चालला होता, तरी मी उठून पंखा बंद केला आणि दिवा लावला.

त्यानंतरच्या गुरुवारचं कार्ड मी वाचलं आणि बापट सरांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. त्यावर दोन वाक्यं होती. 'चेअर इज कॉन्स्टन्सी. सर इज नॉट.'

बापट सरांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "स्वतःला सर कोण म्हणतं, लिमयेबाई? फोन करा."

नोंदवहीत नंबर होता. मुलाने उचलला. नाव नितीन, आयटीत कामाला. मी म्हटलं, गावंडे सरांशी बोलायचं आहे, त्यांनी पाठवलेल्या कार्डाबद्दल.

तो म्हणाला, "मॅडम, बाबांना जाऊन चार महिने झालेत."

कार्ड माझ्या हातात होतं. शाई त्याच आठवड्यातली, शिक्का वाघोलीच्या पोस्टाचा, अक्षर सरांचं. मी फार भित्री नाही, पण ते कार्ड मी टेबलावर पालथं घातलं, कारण त्या अक्षराकडे मला बघवेना. चार महिने मी त्या माणसाला 'मा. गावंडे सर यांस' असं लिहून कळवत होते, की दुसरं पाठवा. आणि दुसरं येत होतं.

नितीन फोनवर बोलतच होता. "हॅलो? मॅडम, तुमचंच ऑफिस का ते? ॲक्च्युअली माझी हैदराबादला ट्रान्सफर झालीये. महिनाअखेर फ्लॅट सोडायचाय. आई यायलाच तयार नाही. म्हणते, ऑफिसनं अजून हो म्हटलं नाही, म्हटल्याशिवाय हलणार नाही. मी पेन्शनचं ऑफिस समजत होतो. तिकडे तीन चकरा मारल्या मी. तुम्ही एकदा घरी याल का, प्लीज? तिला इथे एकटीला सोडून मी जाऊ शकत नाही, आणि जॉबही सोडू शकत नाही."

शनिवारी सकाळी मनपाच्या स्टॉपवरून वाघोलीची बस धरली. नव्या सोसायट्यांच्या रांगेतली एक इमारत, सातवा मजला. बेल वाजवायला हात वर केला तर बेलच्या खाली एक चिठ्ठी चिकटवलेली, चाररेघी अक्षरात. 'बेल.' दाराच्या चौकटीवर, 'डोअर.' आत गेले तर भिंतीवर 'वॉल', घड्याळाखाली 'क्लॉक', बटणांपाशी 'लाइट', फ्रिजवर 'फ्रिज'. घरातल्या प्रत्येक वस्तूवर सरांच्या हातचं तिचं नाव होतं. सामान बांधायला घेतलेलं होतं. कोपऱ्यात सामान हलवणाऱ्यांनी आणून दिलेली नवी कोरी खोकी रचलेली होती, आणि त्यातल्या प्रत्येक खोक्यावर त्याच अक्षरात लिहिलं होतं, 'बॉक्स.'

खोकी सर गेल्यानंतर आलेली होती. मी तिथेच उभी राहिले. खरं सांगायचं तर परत फिरावंसं वाटलं.

"बसा ना मॅडम," नितीन म्हणाला. एकच खुर्ची मोकळी होती, बाकी एकात एक अडकवून बांधलेल्या. मी तिच्याकडे वळले.

"तिथी नका बसू," आतून आवाज आला. साठीच्या पुढच्या, बारक्या चणीच्या बाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. सरांच्या पत्नी, इंदूबाई. त्यांनी माझ्यासाठी एक खोकं पुढे सरकवलं. खुर्चीसमोरच्या स्टुलावर चहाचा कप होता. चहा गार होऊन त्यावर साय धरली होती. खुर्चीच्या हातावर दोन चिठ्ठ्या होत्या. एक जुनी, 'चेअर.' दुसरी कडेने फाटलेली, पुन्हा पुन्हा काढून लावलेली, डिंकाने मळलेली. 'कॉन्स्टन्सी.'

मी म्हटलं, "मी कोशाच्या ऑफिसातून आले. ती लाल खूण करते ती मीच."

इंदूबाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही हाय का? मले वाटलं कोनी मानूस असंल." मग खाली बसल्या आणि सगळं सांगितलं. न रडता, शांतपणे.

सर निवृत्त झाल्यावर त्यांनी बायकोला इंग्रजी शिकवायला घेतलं होतं. घरातल्या वस्तूंवर चिठ्ठ्या लावल्या. रोज एक वस्तू. धिस इज डोअर. धिस इज नॉट डोअर. इंदूबाई सरांच्याच अक्षरावरून हात फिरवून इंग्रजी लिहायला शिकल्या, त्यामुळे त्यांना दुसरं अक्षर येतच नव्हतं. आमच्या ऑफिसचा पत्ता लिहिलेल्या पोस्टकार्डांचा गठ्ठा सरांनी आधीच करून ठेवलेला असे. आजारपणाच्या आधी त्यांनी 'कॉन्स्टन्सी'चीही चिठ्ठी लिहिली.

"म्या म्हनलं, हे कुठी लावाची? तं हासले. म्हने, ऑफिसनं हो म्हनलं का सांगतो कुठी लावाची ते. मंग कागद आला, दुसरं पाठवा. अजून आला, दुसरं पाठवा. वर्षभर त्यायचं तेच. मंग ते गेले. तेरावं झालं तं अजून एक कागद आला." त्यांनी आत जाऊन उशाखालची आमच्या छापील कार्डांची चवड आणली. "त्यायच्याच नावानं. मराठी तं मले वाचता येते. दुसरे पाठवावे. मंग म्या दाराले चिठ्ठी लावली, अन् तुमाले लिहून धाडलं, दार हाय का म्हनून. तुम्ही म्हनलं, नाही. मंग खिडकीले लावली."

चार महिने ती बाई मला विचारत होती, ही चिठ्ठी कुठे लावायची, आणि मी वाक्यरचना तपासत होते.

नितीन म्हणाला, "आई, आता मॅडम स्वतः आल्यात. त्यांनी हो म्हटलं की निघायचं ना? मॅडम, आत्ताच त्या कार्डावर लिहून द्या ना तिला."

"हातानं नोको," इंदूबाई म्हणाल्या. "पोस्टानं येऊ द्या. त्यायचे सगळे कागद पोस्टानंच आले." मग माझ्याकडे वळून विचारलं, "हो म्हनल्यावर मंग कागद येनार नाही?"

"नाही. त्या शब्दाचं काम संपलं की नाही येत."

"दुसरा शब्द नाही देनार त्यायले?"

मी नितीनकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता. दुसरा शब्द द्यायला मला काहीच कष्ट पडले नसते. कप्प्यात शेकडो शब्द होते. ती बाई आणखी दोन वर्षं त्या खुर्चीसमोर चहा ठेवून बसली असती, आणि मुलगा नोकरी सोडून बसला असता.

इंदूबाई हळूच म्हणाल्या, "ऑफिस त्यायच्या नावानं कागद धाडते, तोपर्यंत ते गेले असं मी कसं म्हनू, बाई?"

"नाही," मी म्हटलं. "दुसरा शब्द नाही देता येणार." एकतीस वर्षांत हजारो माणसांना नाही म्हटलं असेन, पण इतकं जड कुठलंच गेलं नव्हतं.

मग त्यांनी कोऱ्या पोस्टकार्डांच्या गठ्ठ्याकडे हात केला. दोन कार्डं उरली होती. "आता काय लिहू?"

"त्या चिठ्ठीचं सोडून द्या. रोज सकाळी उठून तुम्ही काय करता, तेवढं लिहा."

मी निघताना त्यांनी विचारलं, त्या चिठ्ठीचा अर्थ तरी काय. मी जन्मभर अर्थ सांगण्याचा पगार घेतला. निष्ठा म्हणाले, तर त्या म्हणाल्या, ते देवाचं. अढळपणा म्हणाले, तर नुसत्या बघत राहिल्या. "एवढं मोठं काई घरात नसते, बाई," असं म्हणून त्यांनी मला लिफ्टपर्यंत सोडलं. चिठ्ठी उचलून त्यांच्याच खांद्यावर लावावी असं एकदा मनात आलं होतं. धीर झाला नाही. ओळखपाळख नसलेल्या बाईच्या अंगाला चिठ्ठी लावणं मला शोभलंही नसतं.

गुरुवारी कार्ड आलं. 'सर इज नॉट. टी इज.'

सर नाहीत. चहा आहे. मी लाल पेन्सिल घेतली आणि पहिल्या चौकोनात खूण केली. वर पत्ता लिहिला, 'मा. गावंडे सर यांस', आणि स्वतः खाली उतरून कार्ड पेटीत टाकलं. चार दिवसांनी नितीनचा फोन आला. आईने कार्ड वाचलं, देवापुढे ठेवलं, आणि संध्याकाळी स्वतः उठून खुर्ची बांधायला दिली. स्टुलावरचा कप धुऊन ठेवला. "थँक्यू मॅडम," तो म्हणाला.

आता बापट सरांकडचं ऐका. मी ते वाक्य त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी पाहिलं. "यात शब्द कुठाय?"

"नाहीये."

"ज्या शब्दाचं उदाहरण, तोच वाक्यात नाही. हे तुम्ही एकतीस वर्षांनी मला सांगायचं?"

मी म्हटलं, "मी स्वीकारल्याचं कळवून बसले आहे. ते खोटं ठरू देऊ नका. गावंडे सरांचं काहीतरी छापा."

त्यांनी जुनी कार्डं मागवली, चाळली, आणि पहिलंच उचललं. मंत्री आणि राजा. "हे काय वाईट आहे? साधं आहे, स्वच्छ आहे. परत का पाठवलंत?"

तेच वाक्य छापलं. कोशात आज ते आहे, कुणीही उघडून पाहावं. पहिल्याच गुरुवारी मी त्यासाठी पहिल्या चौकोनात खूण केली असती, तर गावंडे सरांनी बायकोला हसत हसत सांगितलं असतं, की चिठ्ठी कुठे लावायची. त्यांना जागा ठाऊक होती. ती माझ्यामुळे त्यांच्याबरोबर गेली. याचं मला वाईट वाटतं, आणि ते कमी होत नाही.

मी निवृत्त झाले त्या महिन्यात हैदराबादहून एक पाकीट आलं. आत पत्र नव्हतं. फक्त ती 'कॉन्स्टन्सी'ची चिठ्ठी, कडा फाटलेली, मागे चार-पाच ठिकाणचा रंग आणि डिंक लागलेला. काम झालं की ऑफिसची वस्तू ऑफिसला परत करायची, असा इंदूबाईंचा हिशोब असणार. मी ती घरी आणली. आमचे हे गेल्याला सहा वर्षं झाली, मुलगी परदेशी असते. घरात तशी मी एकटीच.

पहिल्यांदा ती मी वहीत ठेवली. मग सहज म्हणून दाराला लावून पाहिली. दोन दिवस बरी वाटली, नंतर जाता-येता खटकायला लागली. एका गुरुवारी पोस्टात गेले, एक कार्ड घेतलं आणि तिथल्याच टेबलावर उभ्या उभ्या लिहिलं, 'डोअर इज कॉन्स्टन्सी.' पेन खाली ठेवलं आणि पाहिलं. माझं अक्षर एरवी वाकडंतिकडं, तिरकं धावणारं आहे. कार्डावरचं अक्षर चाररेघी होतं, प्रत्येक अक्षर रेघेवर बसवलेलं. कार्ड फाडायला हवं होतं. मी ते पेटीत टाकलं.

माझ्या जागी आता एक नवीन बाई आल्या आहेत, फार शिस्तीच्या आहेत म्हणे. परवा त्यांचं छापील कार्ड आलं. 'मा. लिमयेबाई यांस.' खूण दुसऱ्या चौकोनात, लाल पेन्सिलीने. दुसरे पाठवावे.

कार्ड माझ्या नावाने आलं होतं. ते हातात घेऊन मी बराच वेळ बसले, आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. चिठ्ठी काल दारावरून काढून खिडकीला लावली आहे.